हात ओळखणारी सायकल

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. चार मजले, सोळा बिऱ्हाडं. पेपर टाकणारा मुलगा खाली सायकल लावतो, सोळा घरांचे पेपर काखेत मारतो आणि एकेक पायरी गाळत वर जातो. वर जाऊन खाली यायला त्याला तीन मिनिटं लागतात. मागच्या वर्षी श्रावणातल्या एका पहाटे तेवढ्या तीन मिनिटांत त्याची सायकल गेली.

त्या वेळी दिवा फक्त माझ्याच घरात होता, म्हणून त्यानं माझी बेल वाजवली. "काका, खाली सायकल नाहीये," एवढंच म्हणाला. आवाजात रडू नव्हतं की राग नव्हता, त्याला ते अजून खरंच वाटत नव्हतं. आम्ही टॉर्च घेऊन उतरलो. कोपऱ्यावरच्या डीपीपाशी पेपरांचा गठ्ठा पडला होता, वरचं प्लॅस्टिक फाटलेलं, पाऊस भुरभुरत होता. नेणाऱ्याला कॅरिअरवरचं ओझं नको होतं. मुलगा तिथंच उकिडवा बसला आणि त्यानं आधी पेपर मोजले. उरलेली लाइन आम्ही दोघांनी चालत पुरी केली. त्याचं सकाळचं कॉलेज बुडालं, भिजलेल्या पेपरांचे पैसे त्यालाच भरावे लागले.

मी नोकरीची सगळी वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली. भोसरीच्या एका कारखान्यात बॉयलरचा दाब, टाक्यांची पातळी, भट्टीचं तापमान यांवर नजर ठेवणारी आणि मर्यादा ओलांडली की बोंब मारणारी यंत्रणा सांभाळायची, हे माझं काम. धोक्याची घंटा कधी वाजली पाहिजे आणि कधी वाजता कामा नये, याचाच मी पगार घेतला. त्यामुळे त्या दिवशी हातात ओले पेपर घेऊन चालतानाच मनात ठरत गेलं, की याच्या पुढच्या सायकलीला आवाज द्यायचा.

चौकीवर तक्रार नोंदवून घेतली. सायकलचा फ्रेम नंबर विचारला, तो मुलाला माहीत नव्हता. तो बहुतेक सायकलींच्या पायडलच्या दांड्याखाली किंवा सीटखालच्या नळीवर ठोकलेला असतो, आणि तो कोणी वहीत उतरवून ठेवत नाही. माझ्या लहानपणी पुण्यात सायकलीला महापालिकेचा धातूचा बिल्ला लागे. दरवर्षी कर भरायचा, नवा बिल्ला घ्यायचा. बिल्ला नसलेली सायकल पकडली जाई, तशीच रात्री दिवा नसलेली आणि डबलसीट नेणारीसुद्धा. लोकांना तो जाच वाटायचा. पण त्यामुळे सायकलीला सरकारदरबारी काहीतरी ओळख होती. आज रस्त्यावरून जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक स्कूटरला नंबर आहे, सायकलीला नाही. गेलेली सायकल समोर उभी राहिली तरी ती आपली आहे हे सिद्ध कसं करायचं?

नवी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या ३०३व्या कलमात चोरीची शिक्षा आहे, आणि तिथं एक सवलतही आहे: चोरलेल्या वस्तूची किंमत ५,००० रुपयांहून कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं ती वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून सामुदायिक सेवा. मला ही तरतूद चांगली वाटते. एखाद्या पोरानं एकदा सायकल उचलली म्हणून त्याला तुरुंगात घालून कोणाचंच भलं होत नाही. पण ५,००० ही रेघ वाचताना माझ्या डोळ्यांसमोर हीच सायकल आली. बाजारात तिला कोणी दीड हजारही दिले नसते. तिच्यावर मात्र रोजची त्रेचाळीस ठिकाणं, महिन्याचा पगार आणि बारावीची फी उभी होती.

कुलूप का नव्हतं, हा प्रश्न प्रत्येकानं त्याला विचारला. मीही विचारला. त्यानं उत्तर दिलं नाही, म्हणून घरी येऊन मी हिशोब केला. कुलूप लावायला दहा सेकंद, काढायला दहा. त्रेचाळीस ठिकाणी मिळून ८६० सेकंद, म्हणजे चौदा मिनिटांहून जास्त. सातच्या कॉलेजला पोचणाऱ्या मुलाकडं पहाटे चौदा मिनिटं नसतात. कुलूप ही निवांत माणसाची वस्तू आहे. ऑफिसबाहेर, स्टेशनवर, जिथं आपण चार तास सायकलीकडं बघणार नाही तिथं ती शोभते.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो. तिथल्या दुकानांत गेलो की अजूनही माझा हात सैल सुटतो. मुलानं ओळखीच्या सायकलवाल्याकडून हप्त्यानं एक जुनी काळी सायकल घेतली होती, डबल स्टँडची, सळईच्या ब्रेकची. माझा भाचा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यालाही हाताशी घेतलं.

पहिली रचना मी माझ्या जुन्या सवयीनं केली. चाकातून ओवलेली बारीक तार, ती तुटली की आवाज. सुरक्षेच्या कामात हे तत्त्व फार जुनं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. बंद मंडलातून सतत किंचित प्रवाह जात राहतो, आणि तो थांबणं हीच बातमी असते. तार कापली, उपटली, कनेक्टर ढिला झाला, काहीही झालं तरी कळतं. कारखान्यातही आम्ही सगळ्या महत्त्वाच्या घंटा याच तत्त्वावर जोडायचो. तार तुटल्यावर एससीआर चालू होतो. हा भाग असा, की एकदा सुरू झाला की पुरवठा तोडेपर्यंत बंद होत नाही. चोरानं घाबरून तार परत जोडली तरी आवाज थांबणार नाही.

पहिल्या चाचणीत एकच बीप झाली आणि सगळं शांत. बराच वेळ घेतला मी ते शोधायला. बझर बीप-बीप करणारा होता. दोन बीपांच्या मधल्या फटीत त्याचा प्रवाह जवळजवळ शून्यावर येतो, आणि एससीआरला चालू राहायला काही मिलीअँपियर तरी लागतातच. त्या फटीत तो बंद पडत होता. बझरला समांतर एक किलोओहमचा रेझिस्टर टाकला, त्यातून आठेक मिलीअँपियर अखंड वाहू लागले, आणि मग आवाज धरून राहिला. संध्याकाळी मुलाला बोलावून मोठ्या उमेदीनं दाखवलं. त्यानं तार चाकातून ओवली, पिन खोचली, परत काढली, आणि हळूच म्हणाला, "काका, हे म्हणजे कुलूपच झालं की."

खरं होतं. तार ओवायलाही तेवढाच वेळ लागत होता.

मग हादऱ्यावर चालणारा स्विच आणला. एका बारीक खिळ्याभोवती केसासारखी स्प्रिंग असते, धक्का बसला की ती खिळ्याला टेकते. ते टेकणं क्षणभराचं, म्हणून ते लांबवायला ५५५ ही आयसी. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली आखलेली ही चिप १९७२ पासून बाजारात आहे, आणि माझ्या पिढीतल्या कोणीही इलेक्ट्रॉनिक्स शिकताना पहिला दिवा तिच्यावरच लुकलुकवलेला असतो. जुन्या जातीची ५५५ नऊ व्होल्टला नुसती बसून पाच-सहा मिलीअँपियर खाते. ५०० मिलीअँपियर-तासाची चौकोनी बॅटरी चार दिवसांत संपली असती, म्हणून सीमॉस जातीची घेतली. ती मायक्रोअँपियरांत, म्हणजे मिलीअँपियरच्या हजाराव्या हिश्शांत, भागवते. सीटखाली डबी बसवली. ओवायचं काही नाही, लावायचं काही नाही.

तिसऱ्या दिवशी मुलानं बॅटरी काढून ठेवली. दुधाचा टेम्पो शेजारून गेला की ओरडायचं. कुत्र्यानं अंग घासलं की ओरडायचं. त्यानं स्वतः कॅरिअरवरून गठ्ठा ओढला की ओरडायचं. एका आजींनी गॅलरीतून विचारलं, "अरे, रोज काय लावलंयस हे?" कारखान्यात मी हे पाहिलेलं होतं. विनाकारण वाजणाऱ्या घंटेवर शेवटी कोणीतरी चिकटपट्टी लावतं, आणि मग खऱ्या प्रसंगी ती घंटा मुकी असते. कामावर असताना मी नव्या मुलांना सांगायचो, की खोटी हाक देणारी यंत्रणा ही नसलेल्या यंत्रणेपेक्षा वाईट, कारण ती माणसांना न ऐकण्याची सवय लावते. इथं मीच तशी यंत्रणा एका मुलाच्या सीटखाली बांधली होती.

मी टेबलावर बसून रचना करत होतो, आणि सायकल पहाटेच्या रस्त्यावर होती. तेव्हा एक दिवस त्याच्याबरोबर गेलो, साडेचारला.

चौकात बंद दुकानांच्या पायऱ्यांवर गठ्ठे उतरतात. दहा-बारा जण, त्यांत दोन माझ्याहून वयस्कर, मांडी घालून पुरवण्या भरत बसलेले. बोटं इतकी जलद चालतात की डोळ्याला घडी दिसत नाही. चहाची किटली फिरते. महापालिकेच्या झाडूवाल्या मावश्या तिथंच हातगाड्या लावून दोन घोट घेतात. या शहराला वेगळी अशी एक पहाटेची वस्ती आहे, आणि साडेसातला उठणाऱ्यांना तिचा पत्ता नसतो.

मी वही घेऊन गेलो होतो आणि एकच गोष्ट टिपत होतो: मुलाच्या सायकलीला कोणाकोणाचा हात लागतो. चहावाल्यानं तिला टेकून विडी पेटवली. दुसऱ्या मुलानं आपली सायकल काढायला हिची सरकवली. एका इमारतीच्या वॉचमनकाकांनी गाडी निघायची म्हणून ती उचलून भिंतीशी नेली आणि पुन्हा स्टँडवर लावली. एका लहान मुलीनं शाळेच्या रिक्षाची वाट बघता बघता घंटी वाजवली. दोन तासांत एकतीस वेळा परका हात लागला, त्यातला एकही चोराचा नव्हता. सायकल रस्त्यावर उभी असते तेव्हा ती थोडीशी सगळ्यांची असते. तिला सरकवावं लागतं, सावरावं लागतं, वाऱ्यानं पडली तर येणारा-जाणारा उभी करतो. माझी डबी या सगळ्यांवर ओरडत होती, ज्यांच्या भरवशावर तो मुलगा सायकल सोडून वर जात होता त्यांच्यावर.

त्या दिवशी घरी येताना गाठ सुटली. हात लागला की नाही, हा प्रश्नच मी चुकीचा विचारत होतो. हादरा येतो आणि जातो, सायकल पुन्हा होती तशी उभी राहते. वॉचमनकाकांनी हलवली तरी दहा सेकंदांत ती पुन्हा स्टँडवर असते. नेणाऱ्याची सायकल मात्र परत तशी उभी राहत नाही. मोजायचं ते हे, हलल्यानंतर ती परत आली का.

यासाठी अ‍ॅक्सेलरोमीटर लागतो. नव्वदच्या दशकात मोटारींच्या एअरबॅगसाठी हे छोटे संवेदक मोठ्या प्रमाणावर बनू लागले आणि आज प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहेत. चिपच्या आत सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेला असतो. तो किती सरकला हे शेजारच्या पट्ट्यांमधल्या धारकतेवरून, म्हणजे कपॅसिटन्सवरून, कळतं. हादरा बसला तर तो सरकतोच, पण काहीच हलत नसतानाही पृथ्वी त्याला खाली ओढत असते. म्हणून सायकल नुसती उभी असली तरी ती कशी उभी आहे हे त्याला ठाऊक असतं.

डबल स्टँडवर मागचं चाक जमिनीपासून साधारण पाच सेंटिमीटर वर राहतं. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर मोजलं, ११५ सेंटिमीटर. म्हणजे स्टँड काढला की सायकल अडीच अंशांनी कलते. अडीच अंश म्हणजे काहीच नाही, डोळ्याला दिसतही नाही. पण आम्ही घेतलेल्या एडीएक्सएल३४५ या अ‍ॅक्सेलरोमीटरची एक पायरी गुरुत्वाच्या सुमारे हजारांश चारची असते, आणि अडीच अंशांना तशा अकरा पायऱ्या भरतात. भाच्यानं सोळा वाचनांची सरासरी काढली तेव्हा त्या अकरा पायऱ्या पडद्यावर इतक्या स्वच्छ दिसल्या, की आम्ही दोघं काही वेळ नुसते स्टँड लावत आणि काढत बसलो. या वयातही असं काही दिसलं की मला भरून येतं.

रचना अशी ठरली. स्टँडवर छोटं चुंबक, फ्रेमवर रीड स्विच, म्हणजे चुंबकानं चालणारा स्विच. स्टँड खाली आला की यंत्रणा जागी होते, सायकल स्थिर होईपर्यंत थांबते आणि आपली ठेवण टिपून ठेवते. ही ठेवण दीड सेकंद सलग बदलली तर तीन बारीक बीप, जवळच्या माणसापुरत्या. मग सहा सेकंद वाट. सायकल पुन्हा पूर्वीसारखी उभी राहिली तर गप्प. नाही राहिली तर मोठा आवाज. नुसत्या रीड स्विचवर का भागवायचं नाही, असं भाच्यानं विचारलं. कारण कॅरिअर धरून मागचं चाक उचलायचं आणि पुढच्या चाकावर सायकल ढकलत न्यायची, ही सायकलचोरांची नेहमीची रीत आहे. तेव्हा स्टँड खालीच लोंबत असतो.

आता राहिला प्रश्न मालकाच्या हाताचा. तोही स्टँड काढतो, तोही नेतो. भाचा म्हणाला, कार्ड देऊ, नाहीतर मोबाइलचं ब्लूटूथ. मी त्याला पहाटेचे हात सांगितले. ओले, शाईनं काळे झालेले, एका काखेत गठ्ठा. त्या हातांनी खिशातून कार्ड काढायचं, त्रेचाळीस वेळा?

माझे वडील खडकीला दारूगोळा कारखान्यात होते. पाळी सुटली की सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, आणि आत शेड्समध्ये शेकडो सायकली एकीला एक लागून उभ्या असत. सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या. रात्रपाळीनंतर अंधारात वडील आपली कशी शोधत, असं मी लहानपणी विचारलं होतं. त्यांनी माझा हात धरून त्यांच्या सीटच्या खाली नेला. तिथं चामड्याच्या कडेला एक शिवण उसवली होती आणि त्यांनी ती तांब्याच्या तारेनं गाठ मारून बांधली होती. "डोळे नाही लागत," ते म्हणाले, "हाताला कळतं." पन्नास वर्षांनी त्या गाठीचा टोचरा स्पर्श माझ्या बोटाला आठवला, आणि उत्तर तिथंच होतं. मालकाकडं वस्तू कशाला हवी? हाताची सवय पुरे.

डाव्या ब्रेकच्या मुठीखाली एक मायक्रोस्विच बसवला. स्टँड काढण्याआधी ब्रेक दोनदा दाबायचा, टक-टक, सेकंदाच्या आत. मग यंत्रणा झोपी जाते. स्टँड काढताना एक हात हँडलवर असतोच, जादा वेळ लागत नाही. बघणाऱ्याला ते कळतही नाही, चोर तर ब्रेक दाबून सायकल नेत नाही. मुलाच्या हातात ही सवय बसायला चार दिवस लागले. पाचव्या दिवसापासून, तो म्हणाला, दुसऱ्याची सायकल घेतली तरी बोटं आपोआप दोनदा दाबतात.

विजेनं आम्हाला छळलं. मी लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तसला १८६५० सेल घेतला होता, २,६०० मिलीअँपियर-तासांचा. कागदावर मायक्रोकंट्रोलर, म्हणजे ही सगळी यंत्रणा चालवणारी चिप, झोपेत काही मायक्रोअँपियर घेते, आणि ती एटीटायनी८५ होती, या बाबतीत अगदी मितभाषी. अ‍ॅक्सेलरोमीटर कमी वेगानं चालवला तर चाळीसच्या आत. सेल वर्षभर पुरायला हवा होता. तो तीन आठवड्यांत उतरला. मल्टिमीटर लावला तर पाच मिलीअँपियरहून जास्त. चिप्स एकेक करून काढल्या तरी आकडा ढळेना. शेवटी सापडलं, व्होल्टेज सांभाळणारा एएमएस१११७ रेग्युलेटर स्वतःच पाच मिलीअँपियर खातो. बाजारातल्या बऱ्याच तयार मॉड्यूलवर हाच असतो. त्याच्या जागी चार मायक्रोअँपियरवर भागवणारा एचटी७३३३ बसवला, मॉड्यूलवरचा शोभेचा लाल दिवा उखडून टाकला, आणि सायरनसाठी व्होल्टेज वाढवणारा बूस्ट कन्व्हर्टर एका मॉसफेटच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचच्या, पलीकडं ठेवला, म्हणजे गरज नसताना त्याला वीज पोचूच नये. जे कोणी असं काही करायला बसतील त्यांना मी कळकळीनं सांगेन, की डेटाशीटमध्ये, म्हणजे भागाच्या माहितीपत्रकात, आधी झोपेतला प्रवाह बघा. राखणदाराचं आयुष्य जवळजवळ सगळं वाट बघण्यात जातं, खर्चही तिथंच होतो.

आवाजाबद्दल मी सगळ्यात जास्त विचार केला. बझरच्या पाकिटावर ९५ डेसिबल लिहिलेलं असतं, आणि बारीक अक्षरांत अंतर दहा सेंटिमीटर. मोकळ्या जागेत अंतर दसपट झालं की वीस डेसिबल गळतात. एक मीटरवर ७५, दहा मीटरवर ५५. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या आत, दार वाजवणाऱ्या मुलाला तो ऐकू येणार नाही. म्हणून बारा व्होल्टचा पिझो सायरन घेतला. पण रात्री दहा ते सकाळी सहा ही कायद्यानं रात्र आहे, निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि कायदा नसता तरी वरच्या खोलीत कोणाचं तान्हं मूल नुकतं झोपलेलं असतं, कोणी आजारी असतं. वीस सेकंदांपेक्षा जास्त सलग वाजवायचं नाही असं मी ठरवलं. मग दहा सेकंद थांबायचं, सायकल अजून हलते आहे का बघायचं, हलत असेल तरच पुन्हा.

आणि कसा वाजवायचा? एकसुरी किंकाळी ऐकू येते, पण ती कुठून येते ते कळत नाही. दोन-तीन हजार हर्ट्झच्या शुद्ध स्वराची दिशा ठरवणं आपल्या कानांना फार जड जातं. आमच्या मागच्या आवारात सातभाई पक्षी आहेत. मांजर दिसलं की एक ओरडतो, खरखरीत, तुटक, कर्कश, आणि बाकीचे नेमके तिथंच गोळा होतात. ससाणा डोक्यावर असला की कित्येक लहान पक्षी मात्र बारीक, लांबट, सपाट शीळ घालतात, आणि घालणारा कुठं आहे ते सापडत नाही. पीटर मार्लर या शास्त्रज्ञानं १९५५ साली पक्ष्यांच्या हाकांमधला हा फरक मांडला होता. लपायची हाक वेगळी, गोळा करायची वेगळी. मला सातभाईंची हवी होती. भाच्यानं सायरनचा स्वर वर-खाली फिरणारा आणि तुटक केला. गच्चीवर मी डोळे मिटून उभा राहिलो, तो सायकल घेऊन खाली आवारात फिरत राहिला आणि मी बोटानं दिशा दाखवत राहिलो. सपाट स्वराला सारखा चुकत होतो, तुटक स्वराला क्वचितच.

जीपीएस आणि सिमकार्ड टाकू, असं भाच्याच्या मनात शेवटपर्यंत होतं. जीएसएम मॉड्यूल संदेश पाठवताना क्षणभर दोन अँपियरपर्यंत ओढतं, दरमहा रिचार्ज लागतो, हे सगळं मी सांगितलं. पण खरं कारण वेगळं होतं आणि तेही त्याला सांगितलं. नकाशावर ठिपका दिसला की सतरा वर्षांचा मुलगा पहाटे पाचला एकटा त्या ठिपक्याच्या मागं जाईल. एका सायकलीसाठी मला ते नको होतं. आवाज झाला की चहावाला वळून बघेल, वॉचमनकाका काठी घेऊन उठतील, झाडूवाल्या मावशी हाक मारतील. मला तेवढंच हवं होतं. मी मुलाबरोबर पुन्हा एकदा चौकात गेलो आणि आवाज तिथल्या सगळ्यांना ऐकवला, म्हणजे तो कशाचा हे त्यांना ठाऊक असावं. मावशींनी तो दोनदा ऐकवायला लावला. "ध्यानात राहील आता," म्हणाल्या.

सर्किटला पावसापासून जपायला बायकोचं नेलपॉलिश दोन थर लावलं, सायरनचं तोंड खाली केलं, डबीच्या सांध्यात सिलिकॉन भरलं. सगळं मिळून हजार रुपयांच्या आसपास लागले. पहिला पाऊस डबीनं नीट काढला. दुसऱ्या जोराच्या सरीत रीड स्विचच्या तारेत पाणी शिरलं, तर ती तार वरून न आणता खालून वळसा देऊन आणली, म्हणजे थेंब वळणावरच गळून पडतो. फ्रेम नंबर आता माझ्या वहीतही आहे आणि त्याच्या आईकडंही.

मोठा आवाज आजवर एकदाच झाला. मार्गशीर्षात, थंडीत. मुलगा दुसऱ्या इमारतीच्या वर होता. त्यानं जिन्यातून उड्या मारत खाली येऊन बघितलं तर सायकल बारा-पंधरा पावलांवर आडवी पडली होती, पुढचं चाक फिरत होतं, आणि मावशी झाडू घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. कोण होतं ते त्यांनी सांगितलं नाही. "पोरगंच होतं," एवढंच म्हणाल्या, आणि पडलेले पेपर त्याच्याबरोबर गोळा करायला लागल्या.

या जूनपासून तो कॉलेजनंतर एका ठिकाणी कामाला जातो, पहाटेची लाइन त्याच्या धाकट्या भावाकडं आली आहे. नववीतला मुलगा, अजून पाय जेमतेम पोचतात. लाइन हातात देण्याच्या आदल्या संध्याकाळी दोघं सायकल घेऊन आमच्या आवारात आले होते. मी गॅलरीत होतो, त्यांनी मला पाहिलं नाही. मोठ्यानं धाकट्याला हँडलपाशी उभं केलं, त्याचा डावा हात ब्रेकवर ठेवला, त्यावर आपला हात ठेवला आणि दाबला. पुन्हा दाबला. मग म्हणाला, "आता स्टँड."